पुढून, मागून की बाजूने? खुबा बदलण्याच्या खर्चाचा हिशेब

खुबा बदलायचे ठरले की घरात दोन-तीन रुग्णालयांची अंदाजपत्रके जमा होतात. एकावर नुसते ‘टोटल हिप रिप्लेसमेंट’ असते. दुसऱ्यावर त्याच्यापुढे ‘अँटेरिअर अप्रोच’ किंवा ‘मसल-स्पेअरिंग’ असे शब्द असतात आणि आकडा चांगलाच मोठा असतो. पुढून शस्त्रक्रिया केली म्हणून जास्त पैसे का, आणि ते देऊन रुग्णाला मिळते काय, हा घरच्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर देता येते. मात्र आधी टेबलावर काय घडते ते समजून घ्यावे लागते आणि मग खर्च कोण मोजतो, कोणत्या दिवसापर्यंत मोजतो, हे पाहावे लागते.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक गोल असते आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरते. दोन्हींवरची गुळगुळीत कूर्चा झिजली, किंवा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ढासळला, की पाऊल टाकणेही नकोसे होते. दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे सगळेच ‘एव्हीएन’ म्हणतात. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, दारू, आणि विदर्भातल्या अनेक कुटुंबांच्या ओळखीचा सिकलसेल, ही त्याची नेहमीची कारणे. त्यामुळे भारतात खुबा बदलून घेणाऱ्यांत तिशी-चाळिशीतली माणसेही बरीच असतात. हे लक्षात ठेवावे, पुढे हिशेबात लागणार आहे.

शस्त्रक्रियेत खराब गोळा कापून काढतात. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, त्यावर नवा गोळा, वरच्या वाटीत धातूचा कप आणि कपात प्लास्टिकचे किंवा सिरॅमिकचे अस्तर असे चार भाग बसवतात. आज जगभर होते ती शस्त्रक्रिया इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ साली आकाराला आणली. सांध्यापर्यंत पोचण्यासाठी ते मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा कापून बाजूला करत आणि शेवटी तारेने पुन्हा बांधत. सांधा छान दिसे, पण तो कापलेला तुकडा न जुळण्याची, तार तुटण्याची भीती राही. म्हणून हाड न कापता आत जाण्याचे मार्ग रूढ झाले.

हे मार्ग म्हणजे एकाच खोलीची तीन दारे. खोलीत मांडायचे सामान तेच, फक्त कोणत्या दाराने शिरलो त्यावर वाटेत काय बाजूला करावे लागते ते ठरते.

मागच्या मार्गात रुग्णाला कुशीवर झोपवतात. कुल्ल्याचा मोठा स्नायू त्याच्या धाग्यांच्या दिशेने फाकवतात आणि त्याखालचे, मांडी बाहेर वळवणारे छोटे स्नायू हाडापासून सोडवतात. सांधा डोळ्यांपुढे उघडा होतो. हाडात दांडा बसवायला सरळ वाट मिळते, अडचण आली तर छेद वाढवता येतो. जगात सर्वाधिक शस्त्रक्रिया याच मार्गाने होतात. सायटिक नस जवळून जात असल्याने तिला जपावे लागते. या मार्गाचा जुना दोष म्हणजे नवा गोळा मागे निसटणे. सोडवलेले स्नायू आणि सांध्याची पिशवी शेवटी नीट शिवून टाकली, तर हा धोका बराच कमी होतो. त्याला लागतात थोडे टाके आणि काही मिनिटे. स्वस्तातली इतकी मोलाची पायरी या शस्त्रक्रियेत क्वचितच दुसरी असेल.

बाजूच्या मार्गात कुल्ल्याच्या मधल्या स्नायूचा पुढचा भाग हाडावरून सोडवतात. गोळा निसटण्याची शक्यता कमी. पण हाच स्नायू एका पायावर उभे राहताना कंबर समतोल ठेवतो. तो नीट जुळला नाही तर माणूस लंगडत चालतो.

पुढच्या मार्गात रुग्ण उताणा असतो. मांडीच्या वरच्या भागात दोन स्नायूंच्या मधल्या नैसर्गिक फटीतून आत जातात, म्हणून ‘स्नायू न कापता’ असे म्हटले जाते. ते मोठ्या प्रमाणात खरे आहे, तरी हाड वर उचलून आणताना मागचे काही बंध सैल करावे लागतात. हा मार्ग नवा नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ह्यूटर यांनी आणि पुढे अमेरिकेत स्मिथ-पीटरसन यांनी त्याचे वर्णन केले होते. १९४७ मध्ये फ्रान्समधल्या ज्यूडे बंधूंनी तो खुब्याच्या रोपणासाठी वापरला. तो अलीकडे लोकप्रिय झाला तो अमेरिकेत पाय ओढून-वळवून धरणारे खास टेबल आल्यावर. रुग्ण उताणा असल्याने सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली कप कसा बसला, पायाची लांबी जुळली का, हे तिथल्या तिथे पाहता येते. अडचण आहे ती मांडीच्या हाडात दांडा बसवताना. वाट अरुंद आणि तिरकी, त्यामुळे हाडाला तडा जाण्याचा धोका शिकाऊ काळात जास्त. मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर होणे हीही याच मार्गाची तक्रार, कारण तिथली बारीक नस छेदाच्या अगदी शेजारून जाते.

आता पैशांकडे येऊ. मार्ग कोणताही असला तरी आत बसणारे चार भाग तेच असू शकतात, भूल तीच, रक्ततपासण्या त्याच. मग मार्गामुळे बदलते काय? शस्त्रक्रियागृहातली म्हणजे ओटीतली मिनिटे, खास टेबल व सी-आर्म, रुग्णालयातले दिवस, आणि पुढे काही बिघडले तर त्याचा खर्च. एवढेच.

हे मोजण्याचा एक चांगला प्रयत्न कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरात झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ११८ रुग्णांच्या बाबतीत, बिलावरचा एकत्रित आकडा न घेता, ओटीतला वेळ, वापरलेले साहित्य, परिचारिकांचे तास, खाटेचे दिवस असा प्रत्येक घटक वेगळा मोजून बेरीज केली. पुढच्या मार्गाचा रुग्णालयीन खर्च सरासरी ७,३०० कॅनेडियन डॉलरच्या आसपास आला, बाजूच्या मार्गाचा सुमारे ७,८५०, मागच्या मार्गाचा ८,३०० च्या जवळ. म्हणजे जो मार्ग आपल्याकडे महाग म्हणून विकला जातो, तोच तिथे सर्वांत स्वस्त ठरला. मुख्य कारण असे की रुग्ण लवकर उठून घरी गेला.

म्हणून मग पुण्यात किंवा नागपुरातही पुढचा मार्गच स्वस्त, असे म्हणता येईल का? नाही म्हणता येणार. कॅनडात खाटेचा दिवस सरकारी तिजोरीतून जातो आणि तो फार महाग असतो. एक रात्र वाचली की पैसे खरोखर वाचतात, आणि ज्याने ते भरले असते त्याचेच वाचतात. आपल्या खासगी रुग्णालयात बहुधा ठरावीक दिवसांचे पॅकेज असते. तुमची आई चौथ्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी घरी गेली, तर बचत रुग्णालयाची होते. पॅकेजमधून तेवढे पैसे परत मिळतातच असे नाही. उलट खास टेबल, सी-आर्म आणि ‘अँटेरिअर’ या शब्दाची जादा आकारणी मात्र रुग्णाच्या बिलात येते. वैद्यकीय फायदा तोच, पण त्यातून वाचलेला पैसा कोणाच्या खिशात राहतो हे देशादेशाप्रमाणे बदलते. परदेशातले अभ्यास दाखवून कोणी ‘हा मार्ग स्वस्त पडतो’ म्हणाले, तर कोणाला स्वस्त पडतो हे विचारावे.

टेबलाचा हिशेब कसा बसतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, असे टेबल पन्नास लाखांचे आहे आणि दहा वर्षे चालेल. वर्षाला पाच लाख झाले. रुग्णालयात वर्षाला शंभर खुबे या टेबलावर होत असतील तर प्रत्येक रुग्णावर पाच हजार रुपये पडतात. वीसच होत असतील तर पंचवीस हजार. म्हणजे कमी शस्त्रक्रिया करणाऱ्या ठिकाणी तोच मार्ग महाग पडतो, आणि नेमक्या तिथेच सर्जनचा हातही कमी बसलेला असतो. काही सर्जन हाच मार्ग साध्या टेबलावर वापरतात, तिथे हा खर्च उरतच नाही.

हात बसण्याचा मुद्दा खर्चाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ऑस्ट्रेलियात बदललेल्या जवळजवळ प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद होते. तिच्या आधारे २०१५ मध्ये पुढच्या मार्गाचा अभ्यास झाला. सर्जनचे निकाल अनुभवी सर्जनच्या तोडीला यायला पन्नास किंवा अधिक शस्त्रक्रिया लागतात, असे त्यात दिसले. त्याआधीच्या रुग्णांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण जास्त होते. शिकण्याची ही किंमत पहिल्या पन्नास जणांनी मोजलेली असते, आणि त्यातल्या कोणाच्याही अंदाजपत्रकावर ती लिहिलेली नसते.

आता पुन्हा ओंटारिओत जाऊ, कारण त्याच प्रांतातून वेगळी बाजू दाखवणारा दुसरा अभ्यास आला. २०१५ ते २०१८ या काळातल्या तीस हजारांहून अधिक खुब्यांचा तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सारखे रुग्ण निवडून तुलना केली तेव्हा पुढच्या मार्गाने झालेल्या शस्त्रक्रियांत वर्षभरात मोठी गुंतागुंत होण्याचे प्रमाण साधारण २ टक्के निघाले, इतर मार्गांत १ टक्का. मोठी गुंतागुंत म्हणजे शस्त्रक्रिया करावी लागेल असा खोल जंतुसंसर्ग, गोळा निसटणे, किंवा सांधा पुन्हा बदलणे. शंभरात एकाचा फरक किरकोळ वाटतो. पण पुन्हा केलेली शस्त्रक्रिया सहा लाखांची धरली, तर तो फरक प्रत्येक रुग्णामागे सरासरी सहा हजार रुपये होतो, आणि ज्या एकावर पाळी येते त्याच्यासाठी तो सरासरीचा राहत नाही. त्याचे सहा लाख जातात, नोकरीतले महिने जातात, आणि दुसऱ्यांदा केलेला सांधा सहसा पहिल्याइतका टिकत नाही.

एकाच प्रांतातले दोन अभ्यास, आणि पारडे दोन बाजूंना झुकलेले. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्याने रुग्णालयातून घरी जाईपर्यंतचा खर्च मोजला, दुसऱ्याने वर्षभरात काय बिघडले ते मोजले. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने २०१६ पासून काही शहरांत सांधे बदलण्यासाठी रुग्ण दाखल झाल्यापासून घरी सोडल्यानंतरच्या नव्वद दिवसांपर्यंतचा सगळा खर्च एकत्र धरायला सुरुवात केली. कारण बिघाड बहुतेक त्या काळात उघड होतो आणि तोवर रुग्णालयानेच जबाबदार राहावे, हा विचार. माझ्या मते रुग्णाने मुदत त्याहून मोठी धरावी. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदवह्यांवरून काढलेल्या अंदाजानुसार बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षे टिकतात. सत्तरीच्या माणसाला तो बहुधा आयुष्यभर पुरतो. पस्तिशीत एव्हीएनमुळे खुबा बदललेल्या तरुणाला मात्र दुसरी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता खरीच मोठी, आणि त्याच्या हिशेबात तिचा खर्च आजच धरायला हवा.

पहिल्या वर्षाच्या पुढे मार्गाचे काय होते? ऑस्ट्रेलियाच्याच नोंदवहीतल्या १ लाख २२ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या अभ्यासात पहिल्या काही वर्षांत सांधा पुन्हा बदलावा लागण्याचे एकूण प्रमाण तिन्ही मार्गांत सारखेच होते. फक्त कारणे वेगळी. पुढच्या मार्गात गोळा निसटणे आणि जंतुसंसर्ग कमी, पण दांडा सैल होणे व हाड मोडणे जास्त. चालणे, वेदना, वॉकर सोडणे यांत पुढच्या मार्गाचे रुग्ण पहिले काही आठवडे पुढे असतात. वर्षाच्या आसपास फरक जवळजवळ पुसला जातो. त्या पहिल्या आठवड्यांना किंमत नाही असे मी म्हणणार नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याला, दुकान एकट्याने चालवणाऱ्याला, घरी दुसरे कोणी नसलेल्या बाईला थोडे लवकर उभे राहणे म्हणजे रोख पैसे. पेन्शनवर असलेल्या आणि मुलगा-सून सोबत राहणाऱ्या गृहस्थांसाठी हिशेब वेगळा.

मात्र आपल्याकडे पहिल्या आठवड्यांचा खर्च घरात जिरतो आणि तो कोणी लिहून ठेवत नाही. मागच्या मार्गाने शस्त्रक्रिया झाली तर सहा आठवडे ते तीन महिने खाली बसू नका, मांडी घालू नका, वाकून वस्तू उचलू नका, अशा सूचना असतात. भारतीय बैठकीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणावी लागते, पलंग उंच करावा लागतो, जेवण टेबलावर आणावे लागते. फिजिओथेरपिस्ट घरी येतो, दिवसपाळीची मावशी ठेवावी लागते. नाहीतर घरातलीच एक बाई कामावरून रजा घेते आणि तिच्या रजेचे मोल कोणत्याच तक्त्यात येत नाही. दोन मार्गांची तुलना करताना हा रकाना भरल्याशिवाय बेरीज करू नये. पुढच्या मार्गाने झालेल्या शस्त्रक्रियेनंतर अशी बंधने अनेक सर्जन कमी घालतात. ती नेमकी कोणती आणि किती दिवस, हे आधीच विचारावे.

एवढे सगळे मार्गाबद्दल सांगितल्यावर हेही सांगायला हवे की आपल्या बिलातला मोठा फरक मार्गाने पडतच नाही. तो पडतो इम्प्लांटने आणि खोलीच्या वर्गाने. मोठ्या शहरांत एका खुब्याच्या पॅकेजचा आकडा साधारण दोन लाखांपासून पाच लाखांच्या पुढेपर्यंत जातो. सिमेंट लावून बसवायचा दांडा स्वस्त, बिनसिमेंटचा महाग. प्लास्टिकच्या अस्तरावर धातूचा गोळा स्वस्त, सिरॅमिकचा महाग. रोबोट वापरला तर त्याची आकारणी वेगळी. गुडघ्याच्या बाबतीत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये किमतींना कमाल मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा, जो सरासरी १,५८,३२४ रुपयांना पडत होता, तो ५४,७२० रुपये अधिक जीएसटी यावर आला. खुब्याच्या इम्प्लांटला अशी मर्यादा तेव्हा लागली नाही. २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या नियमाखाली आली, त्यामुळे छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, पण मूळ किंमत किती ठेवायची याला त्याने आळा बसत नाही. गुडघ्याला जो न्याय मिळाला तो खुब्यालाही मिळायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

महाग आणि नवे म्हणजे टिकाऊ, असेही नसते. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवावा लागला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला गेला होता. नुकसानभरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले, ३० लाखांपासून १.२३ कोटींपर्यंत, आणि तोवर बऱ्याच रुग्णांचा मागच लागत नव्हता.

विमा असेल तर दोन गोष्टी शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी तपासाव्यात. अपघात सोडून इतर कारणांसाठी सांधा बदलायला बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. दुसरे, खोलीच्या भाड्याची मर्यादा. पॉलिसीत दिवसाला चार हजार मान्य असताना आठ हजारांची खोली घेतली, तर सर्जन, ओटी, भूल यांच्या रकमाही कंपनी त्या प्रमाणात निम्म्या करू शकते. २०२० च्या नियमांनुसार इम्प्लांट, औषधे आणि तपासण्या या कपातीत येत नाहीत. त्या कापल्या गेल्या असतील तर लेखी हरकत घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. खुब्याची शस्त्रक्रिया त्यात जवळच्या कोणत्या रुग्णालयात होते, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. योजनेत दर शस्त्रक्रियेला ठरलेला असतो. सर्जन कोणत्या मार्गाने गेला यावर तो वाढत नाही.

सर्जनला विचारायचे ते सोपे आहे. तुम्ही या मार्गाने आजवर किती खुबे केले, गेल्या वर्षी किती, त्यांतल्या किती जणांना पुन्हा ओटीत न्यावे लागले? माझ्या आईच्या हाडाच्या, वजनाच्या, वयाच्या बाबतीत तुम्ही हाच मार्ग का निवडता? जो सर्जन मागच्या मार्गाने वर्षाला दीडशे खुबे करतो, त्याने तुमच्या आग्रहाखातर पुढून करावा असा हट्ट धरू नये. ज्याचा पुढचा मार्ग मुरलेला आहे त्याला मागून करायला लावण्यातही शहाणपण नाही. हात बसलेला मार्ग हाच बहुधा सर्वांत स्वस्त मार्ग.

रुग्णालयाकडून अंदाजपत्रक फोडून लिहून मागावे : इम्प्लांटची कंपनी, प्रकार आणि छापील किंमत वेगळी, सर्जनची फी वेगळी, ओटी व टेबलाची आकारणी वेगळी, पॅकेजचे दिवस किती, जास्त राहिल्यास दिवसाला किती, लवकर गेल्यास काही परत मिळते का, आणि नव्वद दिवसांत गोळा निसटला किंवा जखम चिघळली तर तो खर्च कोणाचा. शेवटच्या प्रश्नावर उत्तर देताना कोणी घुटमळले, तर तेही उत्तरच समजावे. आणि घरी निघताना इम्प्लांटच्या खोक्यावरची बॅच क्रमांकाची स्टिकरे डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावीत, त्यांचा फोटो काढून दोन फोनवर ठेवावा. वीस वर्षांनी सांधा सैल झाला, तर आत नेमका कोणता दांडा आणि कोणता कप आहे हे नव्या सर्जनला त्यावरूनच कळेल. तेवढे कळले तर कधी कधी सगळे न उपसता नुसते अस्तर बदलून भागते.